उंबरओहोळ गटाची शेवटची यादी

लोणावळे, ११ जानेवारी १९३८

माधवराव सकाळच्या गाडीने वडगावहून आला. हा माझा मावसभाऊ, मामलेदार कचेरीत अव्वल कारकून आहे. काम असल्याशिवाय येत नाही आणि चहा घेतल्याशिवाय काम सांगत नाही.

"ताई, एक गट मरायला टेकलाय. त्याचा इतिहास लिहून हवा."

"मेल्यावर ये. मरणाऱ्याचा इतिहास लिहिणं असभ्य आहे."

"आणि त्याला वाचवायचं कामही तुझ्याकडेच आहे."

मग त्याने समजावून सांगितले. लोकल बोर्डाच्या निवडणुकीसाठी तालुक्याचे गट पाडले आहेत, एका गटातून एक मेंबर निवडून जातो. अंदर मावळात उंबरओहोळ नावाचे गाव आणि त्याच्या तीन वाड्या मिळून एक गट होता. सोळा वर्षांपूर्वी वीज कंपनीचे धरण झाले आणि गाव, वाड्या सगळे पाण्याखाली गेले. माणसे वलवण, कामशेत, जिथे पोट भरेल तिथे पांगली. पण डोंगराच्या उताराला ज्यांचा तुकडा शिल्लक राहिला, ते सारा भरतात, म्हणून त्यांचे मत शिल्लक राहिले आणि गटही. आता असे बासष्टच उरले आहेत. नव्या हुकुमाप्रमाणे ज्या गटात पंचाहत्तर मतदार नाहीत तो शेजारच्या गटात विलीन होणार.

त्याच हुकुमात दुसरेही एक कलम आहे. ज्या बाईला लिहिता-वाचता येते तिला मत. वलवणला राहणाऱ्या उंबरओहोळच्या सोळा बायकांनी अर्ज केला आहे की एप्रिलपर्यंत आम्ही लिहायला शिकतो. त्यांना शिकवायला आणि खरोखर येते का ते तपासून दाखला द्यायला कुणीतरी हवे.

"कसं तपासायचं?" मी विचारले.

"ते तुझ्यावर. अठ्ठावीस वर्षं मुलींच्या शाळेत तेच केलंस. तेरा पास झाल्या तर गट वाचला. नाही झाल्या तर फाइल बंद, आणि बंद होणाऱ्या फाइलला दोन पानांचा इतिहास जोडावा लागतो."

एकाच माणसाला दोन्ही कामे देणे गैर आहे असे मी म्हटले. तो म्हणाला, "तू आहेस म्हणून दिली. तुझ्या सहीवर कुणी शंका घेत नाही."

हे खरे आहे. मी होकार दिला.

१७ जानेवारी

सोळाच्या सोळा माझ्या अंगणात आल्या. बंगल्यांच्या बागांत काम करणाऱ्या, रेल्वेच्या खडीवर जाणाऱ्या बायका. दुपारच्या सुट्टीत येणार आणि तासाभराने परत कामावर जाणार. त्यांची पुढारीण झुंबरबाई. माझ्याच वयाची, छप्पन्नच्या आसपास. हात असे की पाटी तिच्या पंजात पोळपाटावरच्या पुरीएवढी दिसते.

मी विचारले, "झुंबरबाई, या वयात लिहायला कशाला शिकायचं? कोणाला निवडून द्यायचंय?"

"निवडायचं कुनाला? मेंबर तर ठरल्यालाच हाय. त्याचं न्हाई वो काय." ती पायरीवर टेकली. "गाव पान्याखाली गेलं तवा म्हनलं, जाऊं द्या, मानसं हायेत. मानसं पांगली तवा म्हनलं, कागुद हाय. मताच्या यादीवर गावाचं नाव लिवल्यालं असतंय. दुसरं कुटंच न्हाई आता. आन् आता म्हनत्यात त्यो कागुदबी जानार."

मी म्हटले, कागदासाठी भावनेची गरज नाही, अक्षराची आहे. उद्यापासून अ, आ, इ.

सरुबाई नावाची एक तरणी बाई मागून म्हणाली, "बाई, 'उ'पासनं सुरू क्येलं तर चालंल का? गाव आदी लिवू. बाकीचं मागनं."

मी चालणार नाही म्हणून सांगितले. शिक्षणाला क्रम असतो.

२६ जानेवारी

'उ' आधी शिकवला. क्रमाने शिकवले असते तर चार दिवस अधिक गेले असते, एवढेच कारण.

९ फेब्रुवारी, वडगाव

माधवरावाच्या कचेरीत दिवसभर जुनी दप्तरे पाहिली. इतिहास लिहायचा तर ऐकीव गोष्टींवर लिहायचा नाही.

गट स्थापन झाला १८९० साली. पहिल्या निवडणुकीत देवळापुढच्या उंबराखाली हात वर करून मत दिले. मोजणाऱ्याचा शेरा आहे की एका इसमाने दोन्ही हात वर केल्याने फेरमोजणी करावी लागली. १९२२च्या पावसाळ्यात गाव बुडाले. इथे गटाचा इतिहास संपायला हवा होता. माझी तशीच समजूत होती आणि मी तसे वाक्य लिहूनही ठेवले होते.

१९२४च्या निवडणुकीचा कागद पाहून ते वाक्य खोडले.

नियम असा की मतदान गटातल्या मुख्य गावीच व्हायला हवे. मुख्य गाव पाण्यात. तेव्हाच्या अधिकाऱ्याने, नियम मोडायला नको म्हणून, उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर काठावर एक राहुटी ठोकली. यादीत एकशे एक्केचाळीस नावे. मते पडली एकशे अडतीस.

मला हा आकडा चुकीचा वाटला. त्या साली खुद्द वडगावात निम्मीसुद्धा मते पडली नव्हती. म्हणून मी एकेक खूण स्वतः मोजली. एकशे अडतीस. जे तिघे आले नाहीत त्यांच्यापुढे शेरे आहेत: मयत, मयत, आणि 'वाटेत आहे, सूर्यास्तापूर्वी पोचू शकला नाही'.

अधिकाऱ्याच्या अहवालात शेवटी दोन ओळी आहेत, त्या उतरवून घेते. 'मतदार राहुटीत शिरण्यापूर्वी पायताणे बाहेर काढीत होते. तसे करण्याचे कारण नाही असे सांगूनही त्यांनी ऐकले नाही.'

१९२८ : एकशे अकरापैकी एकशे अकरा. १९३३ : चौऱ्याऐंशीपैकी चौऱ्याऐंशी.

चार वाजता माधवराव म्हणाला, "ताई, चहा गार झाला." मला चहा आलेला कळलाही नव्हता. पृथ्वीच्या पाठीवर नसलेल्या गावाला माणसे चालत जातात, मत देतात आणि परत येतात. हे मी कुठल्याही पुस्तकात वाचलेले नाही.

६ मार्च

प्रगती बरी आहे. झुंबरबाई घरी चुलीपुढच्या राखेत बोटाने गिरवते म्हणून तिचे अक्षर फार मोठे येते. सरुबाई सगळ्यांत हुशार. शाळेत असती तर स्कॉलरशिपला बसवली असती.

आज झुंबरबाईचा नवरा भिमाजी आला. १९२४पासून तिन्ही वेळा हाच मेंबर निवडून आला. डोळ्यांना आता जवळजवळ दिसत नाही. इतिहासासाठी मी त्याला प्रश्न विचारणार होते. झुंबरबाई सगळ्या वेळ त्याला 'मेंबर'च म्हणत होती. मेंबरास्नी पानी द्या. मेंबरास्नी इचारा.

"घरातसुद्धा मेंबरच म्हणता?" मी विचारले.

"मंग? आदी सोपानचा बा म्हनायची. सोपान ग्येला तापाच्या साथीत, त्या अठराच्या साली. मंग पाच-सा वर्सं आपलं नुसतंच 'आवं' म्हनत हुते. मंग ह्ये मेंबर झालं. लय सोय झाली."

भिमाजी हसला. "बाई, तिला गावाचं काय पडल्यालं न्हाई. माजी मेंबरकी ग्येली तर मला हाक काय मारायची ह्यो तिला घोर."

"व्हय, हायेच," झुंबरबाई म्हणाली. "आता म्हातारपनी नवं कुटनं आनू?"

मेंबरकीत केलेल्या कामांची नोंद त्याने थोडक्यात दिली. काठावर उतरायला पायवाट, कामशेतच्या बाजारात एक हौद. गावच नाही तर गावासाठी काय मागणार, असे तो म्हणाला. बोर्डाच्या सभेला मात्र एकदाही चुकला नाही. सभेत हजेरी घेतात तेव्हा गटाचे नाव मोठ्याने पुकारतात. तेवढे ऐकायला जायचा.

जाताना सराव म्हणून मी झुंबरबाईला पाटीवर 'भिमाजी' लिहायला सांगितले. तिने पाटी सरुबाईकडे सरकवली. सरुबाईने चटकन आणि सुंदर लिहून दाखवले. बायका आपसांत हसल्या. झुंबरबाईला 'भ' येत नाही असे दिसते.

८ मार्च

झुंबरबाईने आज 'भाकरी', 'भात', 'भोपळा' हे तिन्ही शब्द बरोबर लिहिले. परवा मुद्दाम आळस केला असावा. समज दिली.

२ एप्रिल

शिक्षकाने विद्यार्थ्यांवर जीव टाकू नये हे मी तरुण शिक्षिकांना नेहमी सांगत आले. स्वतःलाही सांगते आहे.

परीक्षेचा नमुना ठरवला. वर्तमानपत्रातल्या चार ओळी वाचायच्या. मग कोऱ्या कागदावर तीन ओळी स्वतःच्या हाताने लिहायच्या: पहिली ओळ स्वतःचे नाव, दुसरी पतीचे नाव, तिसरी गावाचे नाव. यापेक्षा सोपी परीक्षा असू शकत नाही. प्रत्येकीच्या ओळखीचीच तीन नावे.

२४ एप्रिल, रविवार

परीक्षा झाली. अत्यंत निराशाजनक.

वाचनात सोळाही पास. अडखळत, पण वाचले. मला आत कुठेतरी फार आनंद झाला होता, तो मी दाखवला नाही. मग कागद दिले. अर्ध्या तासाने गोळा केले आणि माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना.

सोळाही कागदांवर दुसरी ओळ कोरी.

पहिली ओळ सुवाच्य. तिसरी तर अशी की मोत्यांची ओळ. आणि मधली रिकामी. सोळाही जणी नेमक्या त्याच जागी अडतात याचा अर्थ उघड आहे. त्यांनी स्वतःचे नाव आणि गावाचे नाव चित्रासारखे पाठ केले आहे, तिसरा शब्द लिहायची वेळ आली की हात थांबतो. हे लिहिणे नव्हे, ही नक्कल.

मी तरीही पुन्हा संधी दिली. "दुसरी ओळ भरा. घाई नाही."

कोणी हलली नाही. एकीने पदर तोंडाला लावला. दुसरी हसू दाबायला लागली. परीक्षेत हसणे मी कधी सहन केलेले नाही.

"झुंबरबाई, तुम्ही मोठ्या आहात. भरा ती ओळ."

"बाई, तेवढी वळ सोडून द्या की."

"का?"

ती माझ्याकडे बघत राहिली. बराच वेळ. जणू प्रश्न मी नाही, तिनेच मला विचारला होता. मग खाली मान घालून म्हणाली, "तुमास्नी काय सांगायचं? तुमी शिकल्याली."

"येत नाही असं समजू?"

"समजा तसं."

सोळाही नापास. तसा दाखला लिहिला आणि सही केली. मी योग्य तेच केले. अठ्ठावीस वर्षांत दयेने एकही गुण दिला नाही, तो आता गटासाठी दिला असता तर त्या सहीला काय अर्थ राहिला असता?

२५ एप्रिल

पाकीट सीलबंद करून माधवरावाकडे पाठवले. इतिहासाचा मजकूरही लिहायला घेतला आहे. 'सबब सदर गट...' एवढे लिहिले. पुढे गेले नाही.

८ मे

आज सकाळी घडले ते जसेच्या तसे लिहिते.

लोणावळे नगरपालिकेची मतदार यादी नव्याने होते आहे. त्याचा छापील अर्ज आला होता. सकाळी मी तो ओसरीवर भरत बसले होते. अंबूबाई, माझी स्वयंपाकीण, नवलाख उंबरे गावची, तांदूळ निवडत होती. छापील अक्षर तिला येत नाही, म्हणून मी भरता भरता मोठ्याने वाचत होते. नाव, चंद्रिका. पतीचे नाव, कै. चिंतामणी. आणि लिहिले.

अंबूबाईने सूप खाली ठेवले. "अगं बाई! बाई, तुमी हातानं लिवलं?"

"काय?"

"मालकांचं नाव. आपल्या हातानं!"

"मग कोणाच्या हातानं लिहिणार?"

"घ्यायचं नसतं ना वो. तोंडानं घेतलं काय आन् बोटानं घेतलं काय. एकच की."

मी लेखणी खाली ठेवली.

सोळा कोऱ्या ओळी. पदरामागचे हसू. सरकवलेली पाटी. 'मेंबर', 'आवं', 'सोपानचा बा'. 'तुमी शिकल्याली.' सगळे माझ्या डोळ्यांसमोर होते आणि मी त्याला 'भ' येत नाही असे म्हणाले.

नवऱ्याचे नाव घेऊ नये ही चाल मला माहीत नव्हती असे कसे म्हणू? या देशात जन्मलेल्या कुठल्या बाईला माहीत नाही? पण मला ती तोंडापुरती माहीत होती. माझे लग्न नवव्या वर्षी झाले, दहाव्या वर्षी सगळे संपले. चौदाव्या वर्षी शिक्षणासाठी पुण्याला आले तेव्हा पहिला अर्ज भरला आणि त्यात ते नाव लिहिले. मग शाळा, कॉलेज, नोकरी, बदली. बेचाळीस वर्षे मी ते नाव कागदांवर लिहीत आले. गाव, तालुका, जिल्हा लिहावे तसे.

आणि नियमात फक्त 'लिहिता-वाचता यावे' एवढेच होते. ती दुसरी ओळ नियमाने मागितली नव्हती. मी मागितली.

९ मे, वडगाव

पहिल्या गाडीने गेले. माधवरावाला सगळे सांगितले. आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले की माझा निकाल चुकला, तो फिरवायचा आहे.

त्याने कपाट उघडले. फाइल काढून समोर ठेवली. गट विलीन केल्याचा हुकूम सहा तारखेलाच निघाला होता.

"कोणी विचारलं नाही? सोळाही नापास कशा, म्हणून?"

"ताई, तुझी सही होती. तुझी सही बघून कोणी कागद उलटलाच नाही."

मी चूक कबूल केल्याचे निवेदन लिहून दिले. ते फाइलला लागेल, पण हुकूम बदलणार नाही. यापुढे निवडणुकीत उंबरओहोळ हे नाव कुठेही येणार नाही.

निघताना तो म्हणाला, "इतिहास तेवढा महिनाअखेर दे. आणि शेवटच्या मतदार यादीची स्वच्छ नक्कल. माझ्याकडे माणूस नाही. कोणाकडूनही करून घे."

"कोणाकडूनही?"

"अक्षर वाचता आलं की झालं."

११ मे

वलवणला स्वतः गेले. त्यांना बोलावून घेण्याचा अधिकार मी घालवला आहे.

झुंबरबाईच्या दारात सगळ्या जमल्या. भिमाजी आत खाटेवर होता. मी उभ्याने सगळे सांगितले: ओळ माझी होती, चूक माझी होती, गट गेला तो माझ्या हाताने. त्यांनी ओरडावे, निदान रडावे, असे मला वाटत होते.

सरुबाई म्हणाली, "म्हंजी तुमास्नी खरंच कळलं न्हवतं? आमाला वाटलं तुमी आमची परीक्षा बघताय. गावासाटनं मालकाचं नाव लिवून टाकत्यात का म्हनून."

"आणि टाकलं असतं तर?"

"कशाला टाकतोय?" झुंबरबाई म्हणाली. "गाव लय मोटं, खरं हाय. पर गावासाटनं ह्यास्नी लिवून टाकू? त्ये बसल्यात की आत, जित्तं."

आतून भिमाजीचा आवाज आला. "टाक टाक. मी कुटं वाचाय जानार हाय? मला दिसतंय कुटं?"

बायका खळखळून हसल्या. मलाही हसू आले आणि लगेच डोळ्यांत पाणी. मी चष्मा पुसला.

मग झुंबरबाईने विचारले, "बाई, तुमी तुमच्या मालकांचं लिवता?"

"लिहिते. बेचाळीस वर्षं."

"त्ये कसं हुतं दिसायला?"

"आठवत नाही. मुंडावळ्या आठवतात. आणि एकदा त्यांनी मला बोरं दिली होती."

ती म्हणाली, "मंग बोरं आन् नाव. एवडंच हाय तुमच्यापाशी. आन् त्यातलं नावबी तुमी कचेरीकचेरीत वाटून टाकलं?"

ही चाल मला पटत नाही. बाईने नवऱ्याचे नाव घेऊ नये आणि नवऱ्याने मात्र तिला हवे तसे पुकारावे, यात मला न्याय दिसत नाही, आजही नाही. पण तिथे मी कामाचेच बोलले.

शेवटच्या यादीच्या नकलेचे मी सांगितले. कोणीही करू शकते. अक्षर वाचता आले की झाले.

सरुबाई म्हणाली, "आमी क्येली तर?"

"म्हणूनच आले आहे."

"मंग हितं न्हाई करायची," झुंबरबाई म्हणाली. "पानी उतरलंय. तितं जाऊन करू."

२२ मे, रविवार. उंबरओहोळ

वर गावाचे नाव लिहिले आहे, कारण मी तिथे होते.

पहाटेच्या गाडीने कामशेत, पुढे तीन बैलगाड्या. सोळा बायका, भिमाजी, मी. यादी, कागद, दौत माझ्या पिशवीत. कडक ऊन. धरणाचे पाणी मधोमध एवढेसे उरलेले, आणि काठापासून खाली सगळा भेगाळलेला करडा चिखल. मला तिथे काही दिसले नाही. देवळाचा चौथरा आणि दोनचार दगडांच्या रांगा, बस.

काठावर सगळ्यांनी पायताणे काढली. मी थांबले. अहवालातल्या त्या दोन ओळी मला आठवल्या. मग मीही काढली.

खाली उतरल्यावर मी सरळ देवळाच्या दिशेने निघाले. सरुबाईने हात धरून मागे ओढले.

"बाई! गेनूभाऊच्या चुलीत पाय दिलासा!"

मी खाली पाहिले. चिखल. फक्त चिखल. पण मग बाकीच्यांकडे पाहिले आणि मला कळले की कोणीच सरळ चालत नव्हती. सोळा बायका वळत होत्या. एका जागी डावीकडे, मग दहा पावले सरळ, मग एकामागे एक, कारण तिथे बोळ अरुंद होता. झुंबरबाई एका मोकळ्या जागी आली, मान वाकवली आणि आत गेली. तिथे दार नव्हते. भिंत नव्हती. पण चौकट ठेंगणी होती हे तिच्या मानेला सोळा वर्षांनीही माहीत होते. भिमाजी आंधळा, पण त्याला कोणी हात देत नव्हते. तो सगळ्यांच्या पुढे, रस्त्याच्या मधोमध, ऐटीत चालला होता. वलवणला त्याला पायरी सापडत नाही.

मी पुष्कळ वाचले आहे. मोठमोठ्या इमारतींची वर्णने वाचली आहेत. पण नसलेल्या भिंतींना न धडकता चालणारी माणसे पाहताना माझ्या अंगावर जो काटा आला तसा कधी आला नव्हता. मी त्यांच्या मागोमाग गेले, त्यांच्या पावलावर पाऊल टाकून. मलाही एका जागी मान वाकवावीशी वाटली आणि मी वाकवली.

देवळाच्या चौथऱ्यावर बसून यादी लिहिली. मी एकेक नाव दाखवायची आणि ती बाई वाचून लिहायची. वर मथळा झुंबरबाईने लिहिला: उंबरओहोळ गट. तिचे अक्षर एवढे मोठे की मथळ्याला पाऊण पान लागले. मी पुढचा कागद काढून दिला.

लिहिणारीच्या नवऱ्याचे नाव आले की लेखणी शेजारणीकडे जायची. नुसत्या नवऱ्याचे नव्हे. सासऱ्याचे आले तरी, थोरल्या दिराचे आले तरी. बासष्ट नावांत लेखणी चाळीसएक वेळा फिरली असेल. प्रत्येक वेळी थट्टा. "घे गं, तुज्या भाग्याचं मी लिविते." "नीट लिव, काना उंच काड, मानूस उंच हाय माजं." भिमाजीचे नाव आले तेव्हा झुंबरबाईने तोंड फिरवले आणि सरुबाईने लिहिले. मग झुंबरबाईने हळूच वळून ते अक्षर पाहिले. बराच वेळ. तिला आता ते वाचता येत होते.

"आवं मेंबर," ती म्हणाली, "ब्येस दिसतंय."

"मेंबर कुटला आता," भिमाजी म्हणाला. "ग्येली मेंबरकी."

"जाऊं दे. मी काय बोर्डाला इचारून म्हनत हुते व्हय?"

बासष्ट नावे झाली. खाली जागा होती. तिथे मी सोळा बायकांची नावे जिच्या-तिच्या हाताने लिहवून घेतली आणि त्याखाली शेरा लिहिला: 'वरील सोळा स्त्रियांना लिहिता-वाचता येते. त्या नापास ठरल्या, तो दोष परीक्षकाचा. एकूण मतदार अठ्ठ्याहत्तर.' असा शेरा लिहिण्याचा मला अधिकार नाही. सही केली.

निघताना झुंबरबाईने लेखणी मागितली आणि एक कोरा कागद.

"बाई, मालकांचं नाव सांगा. कानात सांगू नका, लिवूनबी दावू नका. नुसती अक्षरं सांगा सुटी सुटी. मी जुळविते."

मी सांगितली. तिने ती जुळवली. मोठे, राखेत गिरवून शिकलेले अक्षर, वेलांटी जरा जास्तच लांब. मी ते नाव बेचाळीस वर्षांत किती वेळा लिहिले असेल याला गणती नाही. वाचले मात्र आज.

३० मे, लोणावळे

इतिहास दोन पानांचा हवा होता, सात पानांचा झाला. माधवरावाला निरोप आहे की एकही ओळ कापू नये. 'सबब सदर गट' हे वाक्य मी पुरे केले नाही, ते काढून टाकले. शेवटी फक्त मतांचे आकडे दिले आहेत. १९२४, १९२८, १९३३. त्याखाली यादी जोडली.

नगरपालिकेचा अर्ज परत करायची मुदत शनिवारपर्यंत आहे. आठ तारखेला भरलेला मी फाडून टाकला आणि नवा आणला. तो टेबलावर आहे. नाव, वय, शिक्षण, पत्ता, सगळे भरले. एक ओळ रिकामी आहे.

शुक्रवारी झुंबरबाई येईल. जोडाक्षरे शिकायची राहिली आहेत.